दोन नकार झाले, एक प्रश्न बाकी

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. पुढे कुणी विचारलं तर पुरावा हवा.

सकाळी दहाला ग्वोझ्देनने ऑफिसात बोलावलं. हा आमच्या बिस्किट कारखान्याचा डायरेक्टर. समोर कागद सरकवला. त्यात लिहिलं होतं की मी 'अतिरिक्त' आहे. सत्तावीस वर्षं दोन नंबरच्या भट्टीवर काढली, आणि आज सकाळी दहा वाजता मी अतिरिक्त! इटलीहून ऑटोमॅटिक भट्टी आली, म्हणून दोन नंबर बंद आणि तिच्यावरचे तिघे घरी. मी, स्टॅनिमिर आणि नादेझ्दा. स्टॅनिमिरने टोपी हातात घेऊन विचारलं, साहेब, पुन्हा माणूस लागला तर सांगाल ना? माणसाला काही स्वाभिमान नको? मी मात्र पुढचं न वाचता सही ठोकली आणि ताठ मानेने बाहेर पडलो.

जेवणाचा डबा आत राहिला. परत जाणं तत्त्वात बसत नाही. बायकोला, रोझांडाला, सांगितलं, चोरीला गेला.

संकल्प: चिडायचं नाही. शुक्रवारपर्यंत ते स्वतःच दारात येतील. त्या भट्टीची नाडी माझ्याशिवाय कुणाला कळते?

५ सप्टेंबर, शुक्रवार

कुणी आलं नाही. लाज वाटत असणार. समजू शकतो.

मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत वाढवली.

९ सप्टेंबर, मंगळवार

माझी भाची इसिडोरा वकिलाच्या ऑफिसात काम करते. आज संध्याकाळी आली आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मी दोन ग्लास राकिया, आमची घरची फळांची दारू, घेतली. कायदा असा आहे की, कामगार अतिरिक्त ठरवून काढला तर तीन महिने त्याच कामावर दुसरा माणूस घेता येत नाही. गरज पडली तर आधी काढलेल्यालाच विचारावं लागतं. म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत ग्वोझ्देनचे हात बांधलेले, आणि दोरीचं टोक माझ्याकडे!

इसिडोरा म्हणाली, मामा, एक काम कर. मला परत यायचंय, एवढं एका कागदावर लिही आणि नेऊन दे. मी म्हटलं, मी का लिहू? कायद्याने विचारायचं त्यांनी आहे. ती म्हणाली, अरे, लिहिलंस तर तुझंच काय जातं? आजच्या पिढीला मानापमान कळत नाही.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव अर्थातच मी नव्हे. पण पाय तयार ठेवायला हरकत नाही.

आजपासून अटींची यादी सुरू केली. पगारवाढ, पाठ असलेली खुर्ची, सगळ्यांसमोर माफी. रात्रीपर्यंत सतरा झाल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी अंगणात बसलो होतो, तर कारखान्याच्या बाजूने जळका वास! म्हटलं, जळाली यांची बिस्किटं. जळणारच. इटलीच्या यंत्राला इथल्या पिठाचा स्वभाव काय माहीत? कुंपणावरून शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, बघ, माझ्याशिवाय बारा दिवस टिकले नाहीत. तो म्हणाला, वेल्या, तुझ्या मागे बघ.

मागे चुलीवर आमच्या मिरच्या होत्या. रोझांडा त्या मला उलटायला सांगून बाजारात गेली होती. पोतंभर लाल मिरच्या, वर्षभराचं आयवार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, व्हायची होती त्यांची. निम्म्या कोळसा.

रोझांडा आल्यावर म्हणाली, सत्तावीस वर्षं भट्टीवर होतास ना रे तू?

मिरच्यांचा आणि बिस्किटांचा विषय वेगळा आहे. तिच्याशी वाद घातला नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

स्ट्रॅटेजी बदलली. नुसती वाट बघणं हे दुबळ्यांचं काम. आता पाळत.

कारखान्याच्या गेटसमोर हॉटेल आहे. तिथे खिडकीजवळ बसून आत कोण जातं, बाहेर कोण येतं ते लिहून ठेवतो. नवा माणूस दिसला की पकडलाच! पहिल्या दिवसाचा निकाल: नवे शून्य, जुने सगळे. सगळ्यांनी हात केला. पाळतीचं गुपित राखणं छोट्या गावात अवघड जातं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सापडला! सव्वानऊला एक उंच माणूस, हातात बॅग, अंगात नवाकोरा निळा डगला. रखवालदाराने सलाम करून आत सोडला. दोन तासांनी बाहेर आला तो पीठ झटकत. पीठ!! आता आणखी काय पुरावा पाहिजे?

लगेच कामगार निरीक्षकाच्या ऑफिसला फोन केला. नाव अजिबात सांगितलं नाही. फक्त शेवटी सवयीने तोंडातून गेलं, बरं, वेलिमिर बोलतोय, ठेवतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

निरीक्षक येऊन गेला. उंच माणूस आग विझवायची नळकांडी तपासणारा निघाला. वर्षातून एकदा येतो. पीठ त्याच्या अंगावर गोदामात सांडलं होतं.

पण निरीक्षक आलाच होता, तर त्याने सगळीकडे फिरून पाहिलं. पॅकिंगच्या बायका ज्या लहान शेगडीवर कॉफी करायच्या ती नियमात बसत नाही म्हणून जप्त झाली. आता त्यांना सकाळची कॉफी नाही. आज बाजारात त्यातल्या चौघी भेटल्या. माझ्याकडे बघून रस्ता ओलांडून गेल्या.

कामगारांच्या हक्कासाठी झगडणाऱ्याला आधी कामगारच ओळखत नाहीत. हे असंच असतं.

पाळत तूर्त स्थगित. हॉटेलवाला म्हणाला, एका कॉफीवर सात तास बसणाऱ्याने निदान खिडकी तरी सोडावी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बातमी पक्की. इटलीची भट्टी छान चालते, पण नव्या वर्षासाठी मोठी ऑर्डर आली आहे आणि एकटीला झेपत नाही. दोन नंबर पुन्हा पेटवणार. तिच्यावर तीन माणसं लागतात. तीन! काढली किती होती? तीन!

रोझांडा म्हणाली, वेल्या, उद्या सकाळी जाऊन भेट त्याला. लाकडं भरायचीत, हिवाळा तोंडावर आलाय, आणि तू छप्पन्न वर्षांचा, तुला दुसरं कोण घेणार? मी तिला शांतपणे समजावलं की आत्ता गेलो तर भाव पडेल. ती म्हणाली, कसला भाव? तू काय कोबी आहेस?

बायकांना प्रेशर टॅक्टिक्स समजत नाहीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार

ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

बाजारात लोणच्याचे कोबी घेत होतो. मागून पाठीवर थाप. ग्वोझ्देन! स्वतः! म्हणाला, काय वेल्या, लेका, कसं चाललंय? ऐक, दोन नंबर पेटवतोय. येतोस का परत?

आता इथे कोणी फडतूस माणूस असता तर म्हणाला असता, येतो. मी हसलो आणि म्हटलं, छे छे, कशाला, मला श्वास घ्यायला वेळ नाही. घरी इतकी कामं आहेत. नकोच.

रीत आहे ती. पहिल्यांदा विचारलं की नको. दुसऱ्यांदा विचारलं की, अहो खरंच नको. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर. माझ्या आईने मला चमचा धरायच्या आधी हे शिकवलं. पाहुण्याने पहिल्या घासाला हो म्हटलं तर लोक म्हणतात उपाशी होता. ग्वोझ्देनला हे माहीत आहे. एकोणीस वर्षं त्याच्या घरी स्लावाला जेवतोय मी. त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस, अख्खं गाव जेवायला. दर वर्षी दोनदा ताट बाजूला सारतो, तिसऱ्यांदा तो स्वतः वाढतो.

ग्वोझ्देन म्हणाला, बरं झालं, मजेत आहेस म्हणजे. आणि सहा कोबी घेऊन गेला.

गळाला लागला आहे. नकार क्रमांक एक झाला. दोन प्रश्न बाकी.

रोझांडाला सांगितलं नाही. अर्धवट बातमी सांगू नये.

३० ऑक्टोबर, गुरुवार

नकार क्रमांक दोन! तोही लेखी!

रोझांडा बहिणीकडे कोबी चिरायला गेली होती. अकराच्या सुमाराला ऑफिसातली ल्युबिंका दारात. हातात फाइल. मी कॉफी दिली, सोबत प्लमचा मुरंबा. ती म्हणाली, वेलिमिरभाऊ, डायरेक्टरसाहेबांनी पाठवलंय. कायद्याप्रमाणे तुम्हाला आधी विचारायला हवं. परत यायचं असेल तर इथे खूण करा, नसेल तर इथे.

कागद बघितला. 'नाही'चा चौकोन वरती, ठळक. 'हो'चा खाली, बारीक अक्षरात. म्हणजे त्यांनाही रीत ठाऊक आहे, आधी नाही म्हणायची सोय करून दिली आहे. मनात म्हटलं, वा, सभ्य माणसं.

'नाही'वर खूण केली. खाली सुंदर अक्षरात लिहिलं: आपण विचारलंत हेच पुष्कळ झालं, उगाच त्रास घेऊ नये. सही. तारीख.

ल्युबिंकाने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, वेलिमिरभाऊ, नक्की ना? मी म्हटलं, अगदी नक्की. (हा प्रश्न धरायचा का? नाही. ती डायरेक्टर नाही.) तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि जरा हळू चाललो. साधारणपणे माणूस फाटकाशी थांबतो आणि म्हणतो, अहो, असं काय करता. ती गाडीत बसली. मी हात केला. तिनेही केला.

तिला अधिकार नसणार. तिसरा प्रश्न तो स्वतःच विचारणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अटी सतरावरून चारवर आणल्या. मोठ्या मनाने.

आरशासमोर 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' म्हणायची प्रॅक्टिस केली. पहिल्या वेळी फार घाईत आलं. आता मध्ये उसासा घालतो. रोझांडाने न्हाणीघराच्या दारातून विचारलं, कुणाशी बोलतोयस?

१२ नोव्हेंबर, बुधवार

कळलं की स्टॅनिमिर आणि नादेझ्दा सोमवारपासून कामावर आहेत. स्टॅनिमिरला विचारलं तेव्हा तो म्हणे वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाला. नादेझ्दा तर विचारायच्या आधीच पायात कामाचे बूट घालून बसली होती.

काही लोकांना खानदान नसतं.

तिसरी जागा अजून रिकामी आहे. माझ्यासाठीच ठेवली आहे, उघड आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उद्या ग्वोझ्देनची स्लावा. आपल्याकडे स्लावाला कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला माहीत आहे तो येतो. एकदा गेलास की जन्मभराचं आमंत्रण.

पण यंदा मामला निराळा आहे. यंदा आम्ही वाटाघाटीतले दोन पक्ष आहोत. दुसऱ्या पक्षाच्या घरी मी बोलावल्याशिवाय जाऊन पोळी-मासे खाणार? नावच नको. निर्णय: तो बोलावेल तर जाईन. बोलवायला आला की तिथेच तिसऱ्यांदा विचारेल. दोन्ही कामं एका फेरीत.

रोझांडा म्हणाली, स्लावाला बोलावणं? वेल्या, डोकं ठिकाणावर आहे का? माझे वडील ऐंशी वर्षं जगले, त्यांना एकदाही कुणी बोलावलं नाही आणि एकही स्लावा त्यांनी चुकवली नाही. मी म्हटलं, तू जा. मी घरी आहे असं सांग. मुद्दाम सांग, घरीच आहे म्हणून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ११. रोझांडा वाइनची बाटली आणि कॉफीचं पाकीट घेऊन गेली. मी सूट घातला. खिडकीत बसलो आहे.

दुपारी १.३०. एक गाडी फाटकाशी थांबली. उसासा तयार ठेवला. पत्ता विचारत होते.

दुपारी ३. भूक लागली. पण खाल्लं तर तिथे गेल्यावर जेवण जाणार नाही. आज शुक्रवार, उपासाचा वार, मांस चालत नाही, म्हणजे भाजलेला मासा आणि भट्टीतला घेवडा. ग्वोझ्देनच्या बायकोचा हात चांगला आहे.

दुपारी ४.१५. टाय सैल केला.

संध्याकाळी ६. रोझांडा आली. कोट न काढता स्वयंपाकघरात बसली. मी विचारलं, काय म्हणाला? किती वाजता येतोय?

तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते नीट समजून घ्यायचं आहे.

ती बायकांबरोबर स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. बाहेर टेबलावर कुणीतरी ग्वोझ्देनला विचारलं, वेल्या कुठाय? त्याला नाही घेतलास परत? ग्वोझ्देन म्हणाला, विचारलं ना. कायद्याने विचारावंच लागतं. पण वेल्याला तीनदा विचारावं लागतं, एकोणीस वर्षं बघतोय मी. म्हणून दोनदाच विचारलं. सगळं टेबल हसलं. स्टॅनिमिरच्या नाकातून राकिया आली.

मग रोझांडा हातातलं फडकं तसंच घेऊन बाहेर गेली आणि म्हणाली, कधी विचारलं? आमच्या घरी कुणी आलं नाही. ग्वोझ्देनने आतून फाइल आणवली. कुठल्या माणसाच्या घरी स्लावाच्या दिवशी फाइल असते? तिने माझं अक्षर वाचलं. सगळ्यांसमोर, उभ्याने. उगाच त्रास घेऊ नये.

मला वाटलं, आता ती ओरडेल. ती म्हणाली, छान अक्षर आहे तुझं. मग म्हणाली, मी त्याला सांगितलं, जागा रिकामी आहे तर मला घे. मी पॅकिंगला नऊ सीझन काढलेत. तो म्हणाला, तीन महिन्यांच्या करारावर येशील? वेल्यापेक्षा कमी पगार. मी हो म्हटलं.

मी विचारलं, एकदाच विचारलं त्याने? ती म्हणाली, त्याने विचारलंच नाही, वेल्या. मी विचारलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

इसिडोराच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, केस करायची. फसवणूक आहे, चारचौघांत कबूल केलं आहे त्याने. तिने कागदाची नक्कल दोनदा वाचली. म्हणाली, मामा, त्याने तोंडी विचारलं, लेखी विचारलं, तू लेखी नाही म्हणालास, वर आभार मानलेस. आता त्याने कुणालाही घेतलं तरी कायदा त्याच्या बाजूला. जुना माणूस गेला, कमी पगारात तात्पुरता माणूस मिळाला. त्याला हेच हवं होतं, आणि तू ते सही करून दिलंस.

मी म्हटलं, पण रीत म्हणून काही असते की नाही? ती म्हणाली, कायद्यात रीत नाही, मामा. चौकोन आहे.

मग तिने फाइल मिटली आणि विचारलं, खरं सांग, तुला परत जायचं होतं? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? सत्तावीस वर्षं! रोज सकाळी पाचला जाग येते अजून. भट्टी तापली की पहिल्या पत्र्याचा जो वास येतो ना, त्याच्यासाठी जायचं होतं. अर्थात जायचं होतं.

ती म्हणाली, हे तू कुणाला सांगितलंस?

घरी येताना आठवत राहिलो. कुणालाच नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रोझांडाला कामावर जायला बंदी करता येईल का, याचा विचार केला. करता येणार नाही. तिने लाकडं सांगितली, ती आलीसुद्धा. दिवसभर रचली. पाठ धरली.

संकल्प: रोझांडाला रात्री बसवून भट्टीची सगळी गुपितं समजावून द्यायची. शेवटी ते ज्ञान माझंच आहे, नाव माझंच होणार. ती जेवली आणि झोपली.

१ डिसेंबर, सोमवार

पहाटे ५.२० ला उठलो. रोझांडा तयार होती. केसांवर पांढरा रुमाल. मी भाकरी आणि चीज बांधून दिलं. तिने कुणाचाही हात न धरता बर्फातून फाटक गाठलं, मी मागे मागे गेलो.

म्हटलं, ऐक, महत्त्वाचं आहे. दोन नंबरच्या डाव्या दाराची बिजागरी अडकते. नुसतं ओढलं तर उघडत नाही. आधी जरा वर उचलायचं, मग डावीकडे ढकलायचं. हे फक्त मला माहीत आहे. कुणाला सांगू नकोस.

तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, वेल्या, ते दार त्यांनी बदललंय. स्टॅनिमिर सांगत होता. आता बोटाने उघडतं.

मी म्हटलं, बरं. सांभाळून जा, रस्त्यावर घसरडं आहे.

सहाचा भोंगा झाला. चहा केला. आज काय लिहावं ते सुचत नाही.